तंटामुक्त काळीज

मु. मोहाटोला, ता. गोरेगाव
२४ नोव्हेंबर २०२४

बेटा रविता,

मी तुझे फोन उचलून नाई राहिलो म्हणून तू काकीजवळ रडली म्हने. रडू नोको. मले फोनवर बोलाची बंदी आहे. बंदी डॉक्टरनं नाई घातली, आपल्या गावच्या तंटामुक्ती समितीनं घातली. पूर्ण गोठ आईक, मंग तूच म्हनशील का काकाजी बरोबर आहे.

दिवाळीले आपल्या खुमेंद्रनं पुण्याहून मले मनगटावरची घडी पाठवली. बापाची तब्येत पोराले पुण्यात बसून दिसली पाहिजे म्हने. तो स्वतः येऊन बसला असता तं बापालेही पोरगा दिसला असता, पन जाऊ दे. काळजाचा ठोका चुकला का ती घडी बोंबलते. परवा जेवताना बोंबलली. मी तुझ्या काकीले सांगून राहिलो होतो का कोचईची भाजी भल्ली झाली, आन हिचं टीं टीं सुरू.

आता मुद्दा. सुमित्राबाईचा कोंबडा गेला. लाल, तुऱ्याचा. चावडीवर समिती बसली. अध्यक्ष आपला शेजारी केवळराम रामटेके. एसटीत कंडक्टर होता तेव्हापासून त्याले बसलेल्याले उठवाची आन उठलेल्याले बसवाची सवय. त्यानं पहिले मलेच इचारलं, "पुरनलाल, तुले काही माहीत?" मी म्हटलं, मले बाप्पा काही माहीत नाई. मंग त्यानं पुढचं नाव घेतलं, "उमेंद्र?" आन माझी घडी बोंबलली!

सप्पा गाव माझ्याकडे वळलं. उमेंद्रनं घडीकडे पाह्यलं, माझ्याकडे पाह्यलं, आन एकदम पायच धरले. "काकाजी, खाल्ला मी. पन एकट्यानं नाई, साळा आला होता."

त्या दिवसापासून माझं काळीज समितीचं काम करून राहिलं. पहिले मी चावडीवर गेलो तं लोकं म्हनत, सरका काकाजी, शेकोटी झाकते. आता मले लाल खुर्ची, खाली उशी, आन चहा मी मागाच्या आधी. केवळराम म्हनते, फोनवर पुतनीसंग भांडून काळीज फुकट खर्च करू नोका. म्हणून चिठ्ठी लिहजो. चिठ्ठीत भांडली तरी आवाज येत नाई.

तुझा काकाजी,
पुरनलाल बिसेन
(विशेष सदस्य, तंटामुक्ती समिती)

*

नागपूर
१ डिसेंबर

काकाजी, नमस्कार.

हे वाचण्याआधी घड्याळ काढून काकीच्या हातात द्या, कारण मी भांडणारच आहे.

उमेंद्रनं कोंबडा खाल्ला हे त्याच्या अंगणातली पिसं बघून कोणालाही कळलं असतं. घड्याळ उमेंद्रसाठी नाही बोंबललं. तुमचं काळीज आजारी आहे म्हणून बोंबललं. गोंदियाच्या डॉक्टरांनी काढलेली ईसीजीची पट्टी खुमेंद्रनं मला मोबाईलवर पाठवली, ती मी आमच्या हृदयाच्या डॉक्टर मॅडमना दाखवली. काळजाच्या वरच्या कप्प्यात कुठल्यातरी एका जागेतून चुकार ठोका उठतो. तो उठला की अख्खा कप्पा त्याच्या नादी लागतो आणि काम सोडून नुसता थरथरत बसतो.

यावर उपाय आहे, आणि तो ज्या खोलीत होतो त्याच खोलीत मी नोकरी करते. छाती उघडत नाहीत. मांडीजवळच्या शिरेतून बारीक तार घालतात, ती वर काळजात नेतात. तार आत जिथे टेकते तिथे माझ्या कॉम्प्युटरवर टिंब उमटतं. टिंबाटिंबानं काळजाचा नकाशा उभा राहतो, पुढून मागून फिरवून बघता येतो. ठोका सगळ्यात आधी उठतो ती जागा लाल दिसते, सगळ्यात शेवटी पोचतो ती जांभळी. लाल जागा सापडली की तारेच्या टोकानं तेवढीच भाजतात, तांदळाच्या दाण्याएवढी. दोन दिवसांत माणूस घरी.

मॅडमनी वीस डिसेंबरची तारीख दिली आहे. धान चुरून झालं आहे, बहाणा चालणार नाही. आणि एक खरं सांगा काकाजी, भीती वाटते का? वाटत असेल तर तसं म्हणा. मी आहे ना तिथे.

तुमची,
रविता

*

मोहाटोला
१२ डिसेंबर

बेटा रविता,

भीती? मले? रात्री अस्वल धानाच्या बांधीत आलं होतं तेव्हा कंदील घेऊन कोन गेला होता? तारेले काय भ्यायचं! मी अजिबात भेत नाई. (हे लिहताना घडी बोंबलली. पन तेव्हाच भुपेंद्र रस्त्यानं जाऊन राहिला होता. त्याच्या मनात काही तरी खोट असलं पाहिजे. केवळरामच्या कानावर घातलं आहे.)

वीस तारखेले येनं जमत नाई. कामं पाह किती आहेत. भुपेंद्र आन मुन्नालालचा बांधीच्या पारीवरून तंटा आहे, पार कोनं सरकवली म्हणून, त्याची सुनवाई आहे. अर्जुनी मोरगावहून दोघं भाऊ आले होते, आईचे पाटल्या-गोट कोन नेले म्हणून. सौंदडहून एक पोरीचा बाप गाडीनं आला. म्हने, नवरदेव पिते का नाई ते तुमच्या काळजाले इचारा. मी नवरदेवाचं नाव तीनदा घेतलं, घडी चुप. बाप इतका खूश झाला का मले धोतरजोडी देऊन गेला. मंग समजलं का त्या दिवशी घडी चार्जच नव्हती केली. आता लग्न ठरलं, कायले बोला.

आन दुसरी गोठ. मी समितीत तुझ्या तारेचा विषय काढला. दोन घंटे चर्चा झाली. खुशाल म्हनला, काकाजीचं काळीज हे आता काकाजीचं खाजगी नाई, ते गावाचं आहे, जसा गावचा तलाव. तुडुंब भरलेल्या तलावाची पार एकट्याच्या मनानं फोडता येते का? सप्पा म्हनले, नाई. ठराव झाला का काळजाची कोनतीही दुरुस्ती समितीले इचारल्याबिगर होनार नाई. सूचक खुशाल, अनुमोदक उमेंद्र. उमेंद्रचं मन पाह किती मोठं, ज्या काळजानं पकडलं त्याच काळजाले अनुमोदन.

तं आता माझा उपाय नाई. माझी तं लाख इच्छा आहे, पन गाव सोडत नाई.

तुझा काकाजी

*

नागपूर
१८ डिसेंबर

काकाजी,

वा! लाख इच्छा आहे म्हणे.

तुमची समिती गेली चुलीत. तलावाचंच बोलायचं तर ऐका. बांधीच्या कोपऱ्यात पाणी नुसतं साचून राहिलं की काय होतं? शेवाळ धरतं. थरथरणाऱ्या काळजाच्या कोपऱ्यात रक्त असंच साचतं आणि त्याची गाठ होते. गाठ सुटली की रक्ताबरोबर सरळ डोक्यात. त्याला लकवा म्हणतात. कोंबडा कोणी खाल्ला हे ती गाठ विचारत नाही.

बाबांचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला हवं का? तुमचे सख्खे मोठे भाऊ. त्यांनाही "छातीत फडफड होते" एवढंच होत होतं, आणि आपण सगळे म्हणत होतो की वात असेल. ते बोलायचे थांबले तेव्हा त्यांना गाडीत घालून नागपूरला तुम्हीच आणलं. मी दहावीत होते. त्यानंतर मला सायकलवर मागे बसवून गोरेगावच्या शाळेत कोणी सोडलं? माझं ॲडमिशन घ्यायला नवं धोतर नेसून या शहरात परत कोण आलं? मी ही नोकरी काय पडदे पुसायला धरली आहे का काकाजी? रोज कोणाच्या तरी बाबांचं काळीज माझ्या पडद्यावर उभं राहतं आणि बरं होऊन घरी जातं. माझ्या घरचं तेवढं समितीत अडकलं आहे!

तुम्ही आला नाहीत तर मी बोलणार नाही. पत्रातसुद्धा.

रविता

*

तंटामुक्ती समिती, मोहाटोला
(समितीच्या कागदावर)
६ जानेवारी २०२५

बेटा रविता,

तुझी चिठ्ठी समितीत वाचून दाखवली. शेवाळाची गोठ केवळरामनं दुसऱ्यांदा वाचाले लावली. मंग समितीनं तुझ्या मॅडमसाठी अटी ठरवल्या, त्या खाली लिहून राहिलो.

एक, लाल जागा पूर्ण भाजू नये. चार आने शिल्लक ठेवावी, गावाच्या कामासाठी. दोन, नकाशाची रंगीत प्रत चावडीत लावाले द्यावी. तीन, काळीज बिघडलं तं दवाखान्यानं समितीले त्याच तोडीचं दुसरं द्यावं.

मॅडमले मान्य असलं तं उन्हाळ्यात पाहू. उन्हाळी धानाचं रोवनं होऊ दे. मी एकदम ठनठनीत आहे. अक्षर वाकडं येऊन राहिलं, पेन खराब आहे.

काकाजी

रविता बाई, मी तुलसा काकी. पाकीट चिकटवाले माह्याजवळ दिलं म्हणून मागच्या बाजूनं लिहून राहिली. पेन चांगला आहे. काल सकाळी यांच्या हातातून कप पडला. तोंड एका बाजूले झालं, मले तुलसा म्हनाले गेले तं नुसतं तु तु तु. चहा उकळाले लागते तेवढा वेळ, मंग आपोआप बरे झाले आन म्हनतात कोनाले सांगू नोको. रात्री झोपत नाईत. तुझ्या बाबाचं नाव घेऊन बडबडतात. समितीचं काही नाई, हे भेले आहेत. तू ये.

*

नागपूर
९ जानेवारी

काकी,

पत्र आत्ता मिळालं. बोललं तर काकाजींना ऐकू जाईल म्हणून मोबाईलवर लिहिते आहे. दिवस गेले त्यात, पुढच्या वेळी फोन करायचा, समिती असो की कोणी असो. खुमेंद्रला कळवलं आहे, तो गोंदियाला गाडी घेऊन येतो आहे. मी आजच्याच गाडीनं निघते. काकाजींना काही सांगू नका. केवळरामकाकांना तेवढं सांगा, आणि म्हणावं, काकाजींना आत्ता उचलून गाडीत बसवायचं काम कंडक्टरचंच आहे.

रविता

*

मोहाटोला
२० मार्च

बेटा रविता,

नागपूरले दोन महिने गोळ्या खाल्ल्या, तार घातली, आन आता घरी पोचलो. मांडीजवळची निळी जागा पिवळी झाली. रक्त पातळ करायची गोळी तुझी काकी घड्याळ पाहून देते, आता माझ्या घडीपेक्षा तिचंच बोंबलनं जास्त आहे. जानेवारीत केवळरामनं मले ज्या रीतीनं गाडीत कोंबलं ते मी विसरलो नाई. "पुढे सरका, पुढे सरका" म्हनत होता, गाडीत मी एकटाच होतो.

चिठ्ठी लिहाचं कारन असं. समितीनं एक तारखेले मंगळवारी सभा बोलावली आहे. विषय एकच, पुरनलालच्या काळजाचा अहवाल. आन मले काहीच आठवून नाई राहिलं. टेबलावर झोपलो, थंडी वाजली, वर भल्ला मोठा दिवा होता, काचेमागून तू हात हालवला, इतकंच. ते गुंगीचं औषध दिलं त्यात सप्पा पुसलं गेलं. खुमेंद्रले इचारलं तं तो नुसता हासते. काकी म्हनते, रविताले इचारा. आतमध्ये काय झालं? लाल जागा कुठं निघाली? समितीची चार आन्याची अट पाळली का?

मी काही येडंवाकडं बोललो का?

काकाजी

*

नागपूर
२६ मार्च

काकाजी, नमस्कार.

अहवाल मागितला आहे तर पूर्ण घ्या. सभेत किती वाचायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

आधी घशातून नळी घालून बघितलं, काळजाच्या कोपऱ्यात गाठ उरली आहे का. नव्हती. गोळ्यांनी काम केलं होतं. मग तार आत गेली, नकाशाला सुरुवात झाली, आणि तुमचं काळीज एकदम शहाणं झालं! एक ठोका इकडचा तिकडे नाही. शाळेत साहेब तपासणीला आल्यावर पोट्टे बसतात तसं.

अडचण अशी, की चुकार ठोका उठलाच नाही तर तो कुठून उठतो हे कसं कळणार? मॅडमनी तारेतून टिचक्या मारून बघितलं. ठोके वाढवायचं औषध दिलं. तुमचं काळीज धावलं, पण सरळ रांगेत धावलं. तुम्ही अर्धवट गुंगीत मॅडमना सांगत होता की समितीची परवानगी तोंडी आहे, लेखी मागाहून येईल.

मॅडम म्हणाल्या, आज नाही उठत, बंद करू या. परत गावी गेलात की तुम्ही पुन्हा येणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी माईक ओढला आणि काचेमागून ओरडले, "उमेंद्र!" काही नाही. "भुपेंद्र! मुन्नालाल! सुमित्राबाईचा कोंबडा!" सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. मॅडमनी विचारलं, ही कुठली पद्धत? मी म्हटलं, मॅडम, गोरेगाव तालुक्यात ही पद्धत चालते.

तरी काही नाही. आणि मग मला तुमचं डिसेंबरचं पत्र आठवलं. कंसात लिहिलं होतं बघा, की हे लिहताना घडी बोंबलली. मी माईकवर हळूच विचारलं, "काकाजी, भीती वाटते का?"

तुम्ही म्हणालात, "मले? पुरनलाल बिसेनले? हट्!"

आणि पडद्यावर धाडधाड धाडधाड!

मॅडम ओरडल्या, "परत विचार!" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, अजिबात नाही. धाडधाड, एक टिंब. परत विचारलं. तुम्ही म्हणालात, मी अस्वलाले भेलो नाही. धाडधाड, आणखी टिंबं. काकाजी, इतक्या वर्षांत इतकं सहकार्य करणारा पेशंट आम्ही बघितला नाही. प्रत्येक नाहीबरोबर नकाशा भरत गेला, आणि डाव्या बाजूला, जिथे फुप्फुसाची शीर येऊन मिळते तिथे, ती लाल जागा उजेडात आली. मॅडमनी ती भाजली, आणि त्या शिरेभोवती पूर्ण पार घातली, म्हणजे पुन्हा तिथून काही फुटायला नको. चार आणे शिल्लक ठेवलेले नाहीत. समितीला कळवा.

आता काम झालं की नाही ते तपासायला हवं. मॅडम म्हणाल्या, विचार. मी परत विचारलं, "काकाजी, भीती वाटते का?"

तुम्ही काचेकडे मान वळवली. मग म्हणालात, "हाव. मी दादाले याच शहरात आनलं होतं बाई. वापस एकटाच गेलो."

पडदा दिसेनासा झाला म्हणून शेजारच्या मुलीला बसवलं. पण मॅडम पक्क्या आहेत. म्हणाल्या, हे तर खरं बोलले, खऱ्यानं काय कळणार? दुसरं काहीतरी विचार. तेव्हा मी डोळे पुसून विचारलं, "काकाजी, काकीच्या हातची कोचईची भाजी कशी होते?"

तुम्ही म्हणालात, "भल्ली होते."

पडदा शांत. एक ठोका हलला नाही. मॅडम म्हणाल्या, झालं काम, तारा काढा.

आता तुम्हीच विचार करा, घड्याळ आजवर कोणाला पकडत होतं. चावडीवर केवळरामकाकांनी तुम्हाला विचारलं, तुले काही माहीत? तुम्ही म्हणालात, नाही. उमेंद्रच्या घरून कोंबड्याच्या रश्श्याची वाटी कोणाकडे पोचली होती ते काकीनं मला सांगितलं आहे. सुमित्राबाईंना मी सांगणार नाही.

तुमची,
रविता

*

मोहाटोला
१७ एप्रिल

बेटा रविता,

अहवाल मी सभेत वाचला नाई. सांगितलं का पुतनीनं इंग्रजीत पाठवला. सुमित्राबाईले मात्र एक तलंग कोंबडी नेऊन दिली. ती म्हने कायची? मी म्हटलं असूच दे.

माझी लाल खुर्ची गेली. तारा काढून आल्यावर पहिल्याच सुनवाईले मी जाऊन बसलो, सप्पा गावाची नावं घेऊन झाली, घडी मेल्यावानी चुप. समिती घाबरली. खुशाल म्हनला, दोष घडीचा नाई, काळीज आता शहरी झालं. मंग त्यांनी घडी माझ्या हातातून काढून दुसऱ्याचं काळीज शोधाले सुरुवात केली. उमेंद्रच्या हातावर बांधली तं तो कोनी नाव घ्याच्या आधीच कबूल करते. शेवटी मुन्नालालच्या बोकडाच्या पायाले बांधली. तो बोकड सप्पा नावांवर बोंबलला. बोकडाच्या हिशेबानं गावात निर्दोष कोनीच नाई, सरपंचासहित. त्यावर ठराव झाला का बोकडाचा निर्नय बंधनकारक नाई.

भुपेंद्र आन मुन्नालाल अजून भांडूनच राहिले होते. मले इचारलं तं मी सरळ सांगितलं, मले काही समजत नाई, टेप आना. टेप आनला, पार मोजली, पार होती तिथंच होती. दोघंही माझ्यावर नाराज आहेत. म्हनतात, पहिलेचा पुरनलाल चांगला होता.

चौदा तारखेले जयंती होती, केवळरामच्या मिरवणुकीत मी पूर्ण गावभर चाललो. बुद्धविहारापासून पार नाल्यापर्यंत, कुठंच बसलो नाई. केवळराम मधामधात मांगं वळून पाहे, तिकीट नसलेल्या मानसाकडे पाहावं तसा. शेवटी त्यानं मले निळा गुलाल लावला आन म्हनला, पुरन्या, तू मेला असता तं मी कोनासंग भांडलो असतो. एवढंच बोलला आन तोंड फिरवलं.

घडी आता खुमेंद्रच्या शब्दासाठी हातात आहे. काल तुझ्या काकीनं कोचईची भाजी केली. मी म्हटलं, भल्ली झाली. घडी चुप. काकी माझ्याकडे पाहतच राह्यली, तिले आता समजाचा रस्ताच नाई उरला. तुझ्या मॅडमले माझा नमस्कार सांगजो, घरात शांतता झाली.

तं आता माझं बोलनं कोनी पकडत नाई म्हणून तुले बिनधास्त लिहून राहिलो. तू उन्हाळ्यात आली नाई तरी चालते. अंगनातला आंबा मी तुझ्यासाठी राखून नाई ठेवला. एसटीचा आवाज आला का मी फाटकापर्यंत जात नाई. आन मले तुझी अजिबात आठवन येत नाई.

तुझा काकाजी,
पुरनलाल